आठ वाजताची हजेरी

२००५ च्या जानेवारीत माझं पोस्टिंग हॅलिफॅक्स बंदरातल्या एका फ्रिगेटवर, म्हणजे युद्धनौकेवर, झालं. रँक लीडिंग सीमन, ट्रेड हल टेक्निशियन. जहाजाचं नाव लिहीत नाही. त्याच्यावर आजही माणसं काम करतात आणि त्यांच्या घरचे वाचत असतात.

ब्रॅम्पटनला आमच्या मराठी मंडळात कुणी विचारलं की साळवे, तुम्ही नेव्हीत नेमकं काय करायचात, तर मी सांगतो, प्लंबर, सुतार, वेल्डर, आणि आग लागली की बंबवाला. लोक हसतात. हसू देत. दोनशेवर माणसं एका लोखंडी डब्यात बसून समुद्रात जातात. तिथे बंब बोलवायला नाइन वन वन नसतं. आग लागली तर ती आपणच विझवायची, नाहीतर पाण्यात उतरायचं. मार्चमधल्या अटलांटिकमध्ये माणूस किती वेळ टिकतो हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात, त्यामुळे आग विझवण्यात सगळ्यांना रस असतो.

आधी घरचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आम्ही मूळ नगरचे. बाबा तिथे मिशन शाळेत मास्तर होते आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडीलजन. मी सोळा वर्षांचा असताना आम्ही देश सोडून हॅमिल्टनला आलो. मास्तर माणूस इथे स्टील मिलमध्ये फरशी झाडायला लागला, नंतर क्रेनच्या खाली सिग्नल द्यायला. त्यांनी तक्रार केली नाही. नगरहून येताना त्यांनी दोन वस्तू हातातल्या बॅगेत आणल्या होत्या. एक पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणि दुसरा शाळेचा कोरा हजेरीपट, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याचा. बाकी सगळं सामान उशिरा आलं, हे दोन त्यांच्याबरोबर उतरले.

नगरला असल्यापासून रोज संध्याकाळी आठ वाजता, जेवणाआधी प्रार्थना. प्रार्थनेआधी हजेरी. बाबा खरोखर हजेरी घ्यायचे. चष्मा नाकावर, बोट नावाखाली. "शांता." आई म्हणायची, "हजर." "अनिल." "हजर." "मेरी." माझी बहीण म्हणायची, "हजर." मग जे घरात नाहीत त्यांची नावं. सोलापूरचे काका. पुण्याची आत्या. या नावांना उत्तर बाबा स्वतः द्यायचे, "प्रभूजवळ हजर." त्यात आजीचंही नाव होतं आणि विहिरीत बुडालेल्या धाकट्या काकांचंही. सोलापूरच्या काकांना आणि कबरीतल्या आजीला उत्तर एकच. लहानपणी मला बरीच वर्षं वाटायचं की आजी पण सोलापूरलाच राहते.

मी नेव्हीत गेल्यावर माझं नाव गैरहजरांच्या यादीत गेलं. जहाज धक्क्याला असलं की मी हॅलिफॅक्सहून फोन करायचो. तिथे नऊ वाजलेले असायचे. आई रिसीव्हर वर धरायची, बाबा माझं नाव घ्यायचे, मी "हजर" म्हणायचो आणि फोन ठेवायचो. बोलणं नंतर, कधी जमलं तर.

डॅनी गिलिसने मला असाच फोन करताना पाहिलं. मास्टर सीमन गिलिस, माझा वरिष्ठ, केप ब्रेटनचा. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. लग्न नाही, आई एकटी, बाप खाणीत काम करून छातीच्या दुखण्याने गेलेला. उंच, थोडा वाकून चालणारा, कारण जहाजातल्या पाइपांना त्याचं डोकं लागायचं.

"रोज नऊला कुणाला रिपोर्ट करतोस रे, सॅल?" त्याने विचारलं. जहाजावर मला सगळे सॅल म्हणायचे.

मी सांगितलं. वाटलं, आता आठवडाभर चेष्टा सहन करावी लागणार. तो हसला नाही.

"माझं नाव घाल त्यात," तो म्हणाला. "आई रोज माळ जपते, पण तिच्या यादीत आधी अख्खं गाव आहे. माझा नंबर येईपर्यंत तिला झोप लागते."

"बघू," मी म्हणालो.

त्याने पुन्हा एकदा विचारलं, फेब्रुवारीत. "घातलंस का?" मी म्हटलं, घालतो. घातलं नाही. बाबांना सांगायला लाज वाटली असं नाही. आळस. फोनवर दोन वाक्यं जास्त बोलायची होती, तेवढीच गोष्ट.

आता दुसरी गोष्ट, जी सांगायला मला जड जातं. फेब्रुवारीत आमचं रिफ्रेशर ट्रेनिंग होतं. लोखंडी खोल्यांची एक इमारत असते, तिच्यात खरी आग लावतात, खरा धूर करतात. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर मास्क, हातात पाण्याचा होज, आणि शिडीने खाली उतरायचं. मी हे आधी चार वेळा केलं होतं. या वेळी शिडीच्या खाली पोचलो आणि मला काही दिसेना. धुरात दिसत नाहीच, ते नवीन नाही. पण मला वाटलं मास्कमध्ये हवा येत नाहीये. हवा येत होती. मी मास्क ओढून काढायला लागलो. डॅनी माझ्या मागे होता. त्याने माझे दोन्ही हात धरले, मला भिंतीशी दाबलं आणि कानाशी ओरडून श्वास मोजायला लावले. मग मला वर काढलं. इन्स्ट्रक्टरला म्हणाला, "मास्कचं सील गेलंय, कडेने धूर शिरतोय. बदलायला हवा."

सील ठीक होतं.

त्या दिवशी जेवताना तो एवढंच म्हणाला, "डॉक्टरकडे जा."

मी म्हटलं, जाईन. डॉक्टरकडे गेलो असतो तर मला समुद्रावरच्या कामातून काढलं असतं. जहाजावरून काढलेल्या माणसाचं काय होतं ते मी पाहिलं होतं. स्टोअरमध्ये बसवतात आणि सगळे फार गोड बोलतात. सत्तावीस वर्षांचा होतो, मला ते नको होतं.

"बरं," डॅनी म्हणाला. "जाईपर्यंत एक करू. खरी आग लागली आणि तुला जमत नसेल, तर मला फक्त 'बोर्ड' म्हण. मी तुझं नॉझल घेईन, तू माझा बोर्ड घे."

बोर्ड म्हणजे काय ते सांगायला हवं. आगीत जाणाऱ्या प्रत्येकाजवळ नावाचा एक टॅग असतो. आत जाताना तो दाराशी उभ्या माणसाकडे द्यायचा. तो माणूस टॅग बोर्डावर अडकवतो, सिलिंडरमध्ये हवा किती आहे ते लिहितो, आत गेल्याची वेळ लिहितो, आणि कधी बाहेर यायलाच हवं ती वेळ काढून लिहितो. बाहेर आलं की आपला टॅग आपण परत घ्यायचा. बोर्डवाला आत जात नाही. त्याचं काम नावं सांभाळायची. आमच्या टीममध्ये बोर्ड डॅनीकडे होता आणि नॉझल, म्हणजे पाण्याचं तोंड, माझ्याकडे. सगळ्यात पुढे मी.

"तुझ्या बाबांसारखंच आहे," डॅनी म्हणाला. "हजेरी घ्यायची. तुला शोभेल."

मी हो म्हणालो. त्या दिवशी मला त्याचा आधार वाटला, हे खरं आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. समुद्र खवळलेला, रेलिंगवर बर्फ. दिवस सारखेच असतात. ०६३० उठणं, ०८०० कामाला, गळके पाइप, तुंबलेले washroom, रंग, ग्रीस. रोज एक ड्रिल. डॉक्टरकडे मी गेलो नाही. संध्याकाळी हॅमिल्टनच्या आठच्या सुमारास मी घड्याळाकडे बघायचो आणि मनात "हजर" म्हणायचो. सवय. त्यात भक्ती किती होती ते विचारू नका.

निघाल्यापासून नवव्या दिवशी, दुपारी, मी कॅफेटेरियात ट्रे ठेवत होतो. १३३८ ला पाइप झाला, म्हणजे लाउडस्पीकरवरची घोषणा.

"फायर, फायर, फायर. मागची जनरेटर रूम. इमर्जन्सी स्टेशन्स."

ड्रिल असेल तर आधी 'एक्सरसाइज' म्हणतात. म्हटलं नव्हतं.

नंतर कळलं ते आधीच सांगतो. इंधनाच्या एका पाइपचा जोड तडकला होता आणि तापलेल्या इंजिनवर डिझेलचा फवारा उडत होता. कुणाची चूक नव्हती. धातू होता, तडकला.

१३४२ ला खोली रिकामी करून, दारं बंद करून आत आग दाबणारा गॅस सोडला. आग दबली. १३५० ला वरचा डेक पुन्हा तापायला लागला. म्हणजे आग परत पेटली होती. गॅस एकदाच असतो. आता माणसं पाठवावी लागणार होती.

मी फायर सूटमध्ये होतो. सिलिंडर पाठीवर, मास्क हातात. माझ्या मागे लीडिंग सीमन कोर्मिए, न्यू ब्रन्सविकचा, होज धरून. खाली उतरायच्या हॅचच्या, म्हणजे झाकणाच्या, कडेने काळा धूर येत होता, जाड, तेलकट. आमचा प्रमुख, चीफ, आम्हा दोघांना म्हणाला, "अटॅक वन, रेडी?"

मी मास्क तोंडापर्यंत नेला आणि माझा हात तिथेच थांबला. मी प्रार्थना केली का? नाही. मला देव आठवलाच नाही. लहानपणापासून ज्याच्या नावाने रोज हजर म्हणत आलो, त्याची त्या क्षणी मला आठवणसुद्धा झाली नाही. मला फक्त एक शब्द आठवला.

"बोर्ड," मी म्हणालो.

डॅनीने माझ्याकडे पाहिलं. एक सेकंद, जास्त नाही. मग बोर्ड आणि त्यावर लिहायची पेन्सिल माझ्या हातात दिली आणि चीफला म्हणाला, "चीफ, सॅलचा मास्क सील होत नाही. नॉझलवर मी जातो."

"गो," चीफ म्हणाला.

डॅनीने आपला सूट आधीच चढवलेला होता. तो का चढवलेला होता याचा मी नंतर फार विचार केला. बोर्डवाल्याला त्याची गरज नसते. त्याने मास्क लावला, टॅग काढून मला दिला. मास्कच्या आतून त्याचा आवाज बसका येत होता.

"नाव लिही," तो म्हणाला.

१३५६. गिलिस, कोर्मिए, आत. बाहेर यायची वेळ १४१४. मी लिहिलं. माझं अक्षर ठीक होतं. हात कापत नव्हता, याची मला आजही चीड येते.

१४०६ ला मी रेडिओवर विचारलं. "अटॅक वन, बोर्ड. हवा?"

"गिलिस, अर्धी. कोर्मिए, अर्ध्याच्या खाली."

"आग?"

"दिसतेय. मारतोय."

१४१०. "अटॅक वन, बोर्ड. बाहेर या. दोघं."

"रॉजर. कोर्मिए आधी."

एवढंच. त्याचे शेवटचे शब्द हेच. घरी जाऊन सांगावं असं त्यात काही नाही.

१४१२ ला कोर्मिए हॅचमधून वर आला. त्याचा पाय डेकवर पडला आणि खालून दणका बसला. साठलेलं डिझेल एकदम पेटलं होतं. हॅचमधून ज्वाला आली आणि गेली. कोर्मिए आडवा पडला, पण जिवंत. त्याने नंतर सांगितलं की शिडीवर असताना त्याच्या पाठीवर सारखं पाणी पडत होतं. डॅनी खाली उभा राहून शिडीवर फवारा धरून होता, आगीने कोर्मिएला गाठू नये म्हणून. त्यामुळे तो स्वतः चढला नव्हता.

"अटॅक वन, बोर्ड." उत्तर नाही. "अटॅक वन, बोर्ड." मी पाच वेळा म्हणालो. कोर्मिएचा टॅग मी काढला होता, माझ्या हातातल्या बोर्डावर आता एकच टॅग होता. मी हॅचकडे दोन पावलं गेलो, तेव्हा चीफने मला छातीवर हात ठेवून थांबवलं. "तुझा मास्क सील होत नाही," तो म्हणाला. त्याला ते खरं वाटत होतं.

१४१६ ला दुसरी टीम आत गेली. १४२१ ला त्यांनी डॅनीला वर आणलं. मेडिकने चाळीस मिनिटं प्रयत्न केले. १४५८ ला आग विझली. १५३० ला हँगरमध्ये सगळ्यांची मोजणी झाली. कॉक्सन, म्हणजे जहाजावरचा सगळ्यात ज्येष्ठ शिपाईगडी, यादी वाचत होता. गिलिस या नावावर तो थांबला, पेन्सिलने काहीतरी केलं आणि पुढे गेला.

चौकशीत मला विचारलं, अदलाबदल का झाली. मी म्हणालो, मास्क सील होत नव्हता. डॅनीचंच खोटं मी पुढे चालवलं. मास्क आगीच्या पाण्यात, गर्दीत कुठेतरी गेला होता. कुणी तपासला नाही.

अंत्यविधीला आम्ही सहा जण केप ब्रेटनला गेलो. शवपेटी उचलणाऱ्यांत मी होतो. नंतर घरी चहा होता. लहानसं स्वयंपाकघर, टेबलावर ओटकेक्स, दारात बुटांचा ढीग. मिसेस गिलिस ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या. सगळ्यांना कप देत होत्या. मला कप देताना थांबल्या.

"तो मला म्हणाला होता की या ट्रिपला तो बोर्डावर आहे," त्या म्हणाल्या. "दाराशी उभं राहायचं काम. आत जायचं नसतं म्हणाला. मग तो आत कसा?"

मी कपाकडे बघत म्हणालो, "गरज पडली, मॅम."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्याला कप दिला. चहाला मी तोंडही लावलं नाही.

तिथून मला दहा दिवसांची रजा मिळाली. हॅमिल्टनला गेलो. मेरी तेव्हा लग्न होऊन कॅलगरीला होती, घरी आई-बाबा दोघंच. विमानतळावर बाबांनी मला मिठी मारली नाही, माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं.

दुसऱ्या दिवशी आईने स्वयंपाकघरात मला बसवलं. भाकरी थापता थापता बोलत होती. तिला समोर बघून बोलायचं नव्हतं.

"त्या दिवशी चार वाजता रेडिओवर सांगितलं. हॅलिफॅक्सच्या जहाजाला आग, एक जण गेला, नाव घरच्यांना कळवल्याशिवाय सांगणार नाही. आम्ही तुमच्या नंबरवर फोन लावतोय, लागत नाही."

"जहाजाचे सगळे फोन बंद करतात, आई. ज्याचं माणूस गेलं त्याला आधी कळावं म्हणून."

"ते आता कळलं. तेव्हा कुठं माहीत होतं? आठ वाजले. तुझे बाबा हजेरी घेऊन बसले. मी म्हटलं, अहो, आज राहू द्या. ऐकतील तर ना. माझं नाव घेतलं. मी हजर म्हटलं. मग म्हणाले, अनिल."

तिने भाकरी तव्यावर टाकली.

"आणि पुढे बोलेनात. त्या नावाला उत्तर त्यांनीच द्यायचं ना. तोंड उघडायचे आणि मिटायचे. वडीलजन म्हणे. इतक्या घरांत जाऊन लोकांना धीर दिला, मयतीत उपदेश केला. आणि स्वतःच्या पोराच्या नावावर आवाज फुटेना. शेवटी मीच म्हटलं, प्रभूजवळ हजर. आणि मग रडले बघ ते."

बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"खरं आहे," ते म्हणाले. "तू जिवंत असलास तरी उत्तर तेच, नसलास तरी तेच. चाळीस वर्षं मी ते सहज देत आलो. त्या दिवशी कळलं की मी काय म्हणत होतो."

"मग हजेरी घेतलीच कशाला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"आठ वाजले होते," बाबा म्हणाले.

माझा पारा चढला. मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. देव विश्वासू आहे, देव विश्वासू आहे, हे जन्मापासून ऐकत आलो. विश्वासू असेल तर मला बाहेर ठेवून डॅनीला का आत पाठवलं? ती जागा माझी होती. नॉझल माझं होतं. मी भ्यायलो आणि त्याला एक शब्द बोललो, आणि तो माझ्यासाठी खोटं बोलून आत गेला. मी त्याच्या आईच्या घरात बसून तिला खरं सांगितलं नाही. त्याने दोनदा सांगितलं होतं माझं नाव तुझ्या बाबांच्या यादीत घाल, तेवढंसुद्धा मी केलं नाही.

आईच्या तव्यावरची भाकरी करपली. कुणी उचलली नाही.

"सांगा ना," मी म्हणालो. "का?"

"मला माहीत नाही," बाबा म्हणाले.

"इतकी वर्षं उपदेश करता आणि माहीत नाही?"

"नाही. मला एवढंच माहीत आहे की देवाच्या हातून नाव सुटत नाही. माझ्या हातून सुटतं. त्या दिवशी तुझं सुटलं, तर तुझ्या आईने धरलं." त्यांनी जाऊन तव्याखालची शेगडी बंद केली. "त्या मुलाच्या आईला सांगायला पाहिजे, अनिल."

"ती मला कधी माफ करणार नाही."

"नाही करणार कदाचित. माफीसाठी सांगायचं नसतं. तिचा मुलगा काय करून गेला ते तिला माहीत नाही. ते तू लपवून ठेवलंयस."

त्या दिवशी आठ वाजता आम्ही तिघं बसलो. बाबांनी हजेरीपट उघडला, पेन काढलं आणि शेवटच्या नावाखाली सावकाश, मराठीत एक नाव लिहिलं. मग वाचायला लागले. शांता. अनिल. मी हजर म्हणालो. मग मेरी, काका, आत्या, आजी, धाकटे काका. शेवटी, "डॅनी गिलिस."

गैरहजरांना उत्तर बाबा देतात. त्यांनी दिलं नाही. बोट नावाखाली ठेवून माझ्याकडे बघत बसले. मला जमलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी पट मिटला आणि प्रार्थना केली.

मग मी बेसमेंटमध्ये जाऊन फोन लावला.

"मिसेस गिलिस, सॅल बोलतोय. तुम्ही मला विचारलं होतं की तो आत कसा. ती जागा माझी होती. मला भीती वाटली. मी त्याला सांगितलं आणि तो माझ्या जागी गेला. खाली गेल्यावर त्याने कोर्मिएला आधी वर पाठवलं आणि शिडीवर पाणी धरून उभा राहिला. कोर्मिए जिवंत आहे. मीही आहे. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

मग त्या म्हणाल्या, "मला आत्ता तुझ्याशी बोलता येणार नाही." आणि फोन ठेवला.

तिथल्या तिथे मला काही हलकं वगैरे वाटलं नाही. वर गेलो, जेवलो नाही, झोपलो.

रजा संपल्यावर हॅलिफॅक्सला जाऊन कॉक्सनला सगळं सांगितलं. त्याने कोरा कागद पुढे केला आणि म्हणाला, "पहिल्यापासून लिही." मी लिहिलं. त्याची शिक्षा झाली ती भोगली. डॉक्टरकडे पाठवलं, तिथे दोन वर्षं जात राहिलो. आगीच्या टीममधून काढलं. स्टोअरमध्ये बसवलं. लोक गोड बोलले नाहीत, ते एका अर्थी बरं झालं. कोर्मिए मात्र रोज माझ्या टेबलाशी येऊन कॉफी प्यायचा. का, ते त्याने सांगितलं नाही.

फोननंतर तीन आठवड्यांनी मिसेस गिलिसचा फोन आला. नमस्कार-चमत्कार नाही.

"डॅनीने मला तुझ्या वडिलांच्या यादीबद्दल सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यात नाव घालायला सांगितलंय म्हणाला. आहे का त्याचं नाव?"

"आहे," मी म्हणालो. आणि मग सांगून टाकलं, "उशिरा घातलं. नंतर."

त्यांनी विचारलं, "किती वाजता घेतात?"

"तिकडे आठ. तुमच्याकडे नऊ."

"बरं. नऊला मी चहा घेते. तेव्हा मीही त्याचं नाव घेईन."

माफ केलं, असं त्या तेव्हाही म्हणाल्या नाहीत आणि नंतरही नाही. मी विचारलंही नाही. दर मार्चमध्ये एक फोन करतात, तब्येत विचारतात, हजेरी चालू आहे का विचारतात. त्यांनी यादीबद्दल विचारलं त्याच दिवशी मी नऊ वाजता, डॉकयार्डच्या फोनवरून घरी फोन लावला. आईने रिसीव्हर वर धरला. बाबांचा आवाज दुरून आला. अनिल. हजर. मी फोन ठेवला नाही. शेवटचं नाव आलं तेव्हा त्याचं उत्तर मी दिलं. तिकडे पट मिटल्याचा आवाज ऐकू आला.

२००९ मध्ये मी नेव्ही सोडली. ब्रॅम्पटनला वेअरहाउसमध्ये फायर सेफ्टीचं काम बघतो. दारं, हायड्रंट, ड्रिल. लोक ड्रिलला कंटाळतात, मी कंटाळू देत नाही. बाबा दोन वर्षांपूर्वी झोपेतच गेले. हजेरीपट माझ्याकडे आला. पानं संपत आली आहेत, तेव्हा मी आता नवीन नावं समासात लिहितो. बाबांचं नाव मी त्यांच्याच हाताने लिहिलेल्या आजीच्या नावाखाली लिहिलं.

देव विश्वासू आहे का, असं मला कुणी विचारलं तर मी लगेच उत्तर देत नाही. मी त्या दिवशी विश्वासू नव्हतो, हे मला खात्रीने सांगता येतं. तरी माझं नाव यादीतून गेलं नाही. मला अजून भीती वाटते. लिफ्टमध्ये वाटते, बोगद्यात वाटते. आठ वाजले की आम्ही बसतो.

परवा बसलो होतो. बायको "हजर" म्हणाली, मुलगा "present" म्हणाला, फोनमधून डोकं न काढता. मी त्याला फोन ठेवायला लावला. गैरहजरांची नावं हल्ली आम्ही वाटून घेतो. आजोबांचं उत्तर मुलगा देतो. पणजीचं माझी मुलगी, आठ वर्षांची. त्या दिवशी ती मध्येच म्हणाली, "बाबा, can I do Danny today?"

"नाही," मी म्हणालो.

"Why not? You always do Danny."

"ही जागा माझी आहे, बेटा. ही मी कुणाला देत नाही."

तिने खांदे उडवले. मी बोट नावाखाली ठेवलं.

"डॅनी गिलिस."

"प्रभूजवळ हजर," मी म्हणालो.